सांगली-मिरजेत चामड्याचं काम सुरू करताना: कमी पैशांत हत्यारं आणि चामडं कसं घ्यावं

सांगलीत चामड्याच्या हस्तकामाच्या हत्यारांचं एकच दुकान शोधत फिरू नका. हत्यारं इथे मिळतात, पण ती वेगवेगळ्या धंद्यांच्या दुकानांत विखुरलेली आहेत. काही हार्डवेअरवाल्याकडे, काही शिवणकामाचं साहित्य विकणाऱ्याकडे, काही गाड्यांच्या रंगाच्या दुकानात. सगळ्यात कामाची मात्र गटई कामगार, म्हणजे रस्त्याकडेला चपला दुरुस्त करणारे, जिथून माल भरतात तिथे. हे माहीत नसलं की माणूस मोबाइलवर तीस-चाळीस नगांचा तयार संच मागवतो. त्या संचातल्या बऱ्याच वस्तू वर्षभर हातात येत नाहीत, आणि जी पाती पहिल्या दिवसापासून लागते तीच त्यात सगळ्यात हलक्या प्रतीची असते.

हात आखडता असेल तर पैसे दोनच गोष्टींवर खर्च करा: धारेवर आणि चामड्यावर. बाकी जवळजवळ सगळं भागवता येतं. कसं, ते क्रमानं सांगतो.

आधी वस्तू ठरवा

दुकानात जाण्याआधी एकच वस्तू नक्की करा, आणि ती लहान असू द्या. एटीएम कार्ड ठेवायचं साधं पाकीट किंवा चष्म्याचं कव्हर. नवख्या माणसाला पट्टा सोपा वाटतो, कारण तो सरळ असतो. पण पट्ट्याला कमरेच्या मापापेक्षा वीत-सव्वा वीत जास्त लांब अशी अखंड पट्टी लागते, तीही पाठीच्या भागातली. म्हणजे मोठं चामडं घेणं आलं. शिवाय चांगलं बक्कल आलं, रिबिटं आली. पट्टा दुसऱ्या-तिसऱ्या खरेदीला ठेवा.

कार्डाचं पाकीट कागदावर काढून बघा. कार्ड ८५.६ मिमी लांब आणि ५४ मिमी रुंद असतं. दोन्ही बाजूंना शिलाईची जागा आणि चामड्याची जाडी धरली तर तुकडा साधारण १० सेंमी रुंद हवा. असे तीन तुकडे केले तरी सगळे मिळून तीनशे चौरस सेंटिमीटरच्या आत बसतात. एक चौरस फूट म्हणजे ९२९ चौरस सेंटिमीटर. वाया जाणारं धरूनही अर्ध्या फुटात पाकीट होतं. हा हिशेब डोक्यात असला की दुकानदारानं "पूर्ण कातडंच घ्या, स्वस्त पडेल" म्हटलं तरी तुम्ही शांतपणे नको म्हणू शकता.

नमुना कापायला जाड लग्नपत्रिका उत्तम. नमुना आधी पत्रिकेत कापा, चिमट्यानं जोडा, आत खरं कार्ड घालून बघा. इथे चूक निघाली तर ती फुकटात सुटते.

कापायची पाती आणि धार

सुरुवातीला स्टेशनरीच्या दुकानातला मोठा, १८ मिमी पातीचा कटर पुरतो. लहान ९ मिमीचा घेऊ नका. जाड चामड्यात त्याची पाती वाकते आणि कड तिरकी कापली जाते. कटर साधा असला तरी चालेल, पाती मात्र चांगल्या कंपनीच्या घ्या आणि टोक बोथट झालं की कंजुषी न करता तोडून टाका. सोबत १२ इंची स्टीलची पट्टी हवीच. प्लॅस्टिकची पट्टी पहिल्याच दिवशी कापली जाते. हार्डवेअरवाल्याकडे लहान गुण्या मिळाला तर घ्या, काटकोन चुकला की पाकीट कितीही चांगलं शिवलं तरी ते वाकडंच दिसतं.

कटरनंतरची खरी पायरी म्हणजे रापी. चामडं कापायला आणि त्याची कड आतून तासून पातळ करायला हेच हत्यार. रापी घ्यायची तर रस्त्यावर बसणाऱ्या गटई कामगाराला विचारा. पण नुसतं विचारायला जाऊ नका. चप्पल, बॅग, काहीतरी दुरुस्तीला न्या, काम होऊ द्या, मग म्हणा, "मामा, ही रापी कुठनं आणता?" दुकानाचं नाव तर कळतंच, पण हात मोकळा असेल तर धार कशी लावायची तेही बहुतेक जण करून दाखवतात. सकाळच्या गर्दीत जाऊ नका, ती त्यांच्या कमाईची वेळ असते.

दुसरा मार्ग भंगाराचा. कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये पॉवर हॅक्सॉची, म्हणजे लोखंड कापायच्या यंत्र-करवतीची, जाड पाती झिजली की फेकली जातात. त्यातली अख्खी हायस्पीड स्टीलची पाती मिळाली तर ग्राइंडरवाल्याकडून तिरकी कापून घ्या, मागच्या बाजूला कापड आणि सुतळी गुंडाळा. अशी पाती बराच काळ धार धरते. घेण्याआधी विचारून मात्र घ्या, कारण काही पात्यांत फक्त दात कठीण पोलादाचे आणि पाठ मऊ असते. त्यांच्या पाठीला कितीही घासलं तरी धार टिकत नाही.

धारेचं साहित्य गाड्या रंगवणाऱ्यांच्या दुकानात मिळतं. वॉटरपेपरचे ४००, ८००, १५०० आणि २००० नंबरचे एकेक ताव घ्या. फरशीच्या दुकानाबाहेर पडलेला कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा सपाट तुकडा मागून आणा. ओला कागद त्यावर चिकटतो. पाती एकाच कोनात धरून खालच्या नंबरपासून वर घासत जा. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाती उलट्या दिशेनं ओढा, न्हावी वस्तरा लावायचे तशी. त्या पट्ट्यावर बफिंगची हिरवी वडी घासलेली असेल तर आणखी चांगलं. धार आली का, हे बघायला वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापा. न फाटता कापला गेला तरच चामड्याला हात लावा.

मिरजेत सतार आणि तंबोरे घडवणाऱ्या शिकलगारांची घराणी मूळची शस्त्रं घडवणारी आणि पाजळणारी. या भागात धारेची जाण जुनी आहे. बाजारात धार लावून देणारा कसबी माणूस दिसला तर दहा मिनिटं उभं राहून त्याचा हात बघा. ते बघणं कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकवतं.

तो कडप्पा आणखी दोन कामांना येतो: त्यावर ठेवून कड तासता येते आणि चिकटवलेला जोड हातोडीनं ठोकता येतो. कापताना मात्र खाली कडप्पा किंवा काच नको, धार लगेच मरते. कापायला स्टेशनरीतली ए-थ्री आकाराची कटिंग मॅट घ्या. भोकं पाडायला लाकडाच्या वखारीतून ओंडक्याची आडवी चकती कापून आणा. खाटकाचा ओंडका चिंचेचा असतो, तो उगाच नाही. आडव्या कापाचं लाकूड पंचाचा घाव गिळतं आणि पंचाची धार राखतं.

भोकं आणि शिलाई

हातशिलाईत टाक्यांची भोकं आधी पाडावी लागतात. त्यासाठी काट्यासारखी दातेरी छिन्नी मिळते. ती चांगली असते, पण महाग, आणि स्वस्तातली घेतली तर दात जाड असल्यामुळे भोकं ढोबळ होतात. तिच्याशिवाय भागतं. आलेख कागदाची अरुंद पट्टी कापून शिलाईच्या रेषेवर कागदी चिकटपट्टीनं बसवा आणि दर ४ मिमीवर टोच्यानं खूण करा. कागद काढा, मग त्याच खुणांवर टोच्या आरपार घाला. वेळ लागतो, पण टाके एकसारखे येतात आणि खर्च एका आलेख कागदाचा. शिंप्यांचं दातेरी ट्रेसिंग व्हीलही खुणेला चालतं, फक्त त्याचे दाते जवळजवळ असतात, म्हणून एक सोडून एक खूण धरा.

कडेपासून शिलाईची रेषा समांतर काढायला कंपासपेटीतलं डिव्हायडर घ्या. एक टोक कडेवर टेकवून फिरवलं की ३ मिमीवर रेघ उमटते. नवीन घेऊ नका, घरातल्या मुलांच्या जुन्या पेटीत सापडेल.

सुया दोन लागतात आणि त्या बोथट टोकाच्या हव्यात, कारण भोक आधीच पाडलेलं असतं. टोकदार सुई आधी घातलेल्या दोऱ्यातच घुसते. भरतकामाच्या दुकानात मॅटीवर काम करायच्या सुया मागा, त्या मुळातच बोथट असतात. दाभण मात्र नको, त्यानं भोक फाटतं. गटई कामगाराची आकडा असलेली आरी बघून मोह होईल. दुरुस्तीला ती फार वेगवान, पण नव्या हातानं दोन सुयांची शिलाई आधी शिकावी. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवतात आणि त्या प्रत्येक भोकातून समोरासमोर जातात, त्यामुळे एका बाजूचा टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा शिलाई धरून ठेवतो.

दोरा सुती घेऊ नका. घामानं आणि ओलीनं तो कुजतो. चप्पल-बॅगांचं साहित्य विकणाऱ्यांकडे नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं रीळ मागा. पाकिटाला अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरचा दोरा शोभतो. शिलाईच्या लांबीच्या चौपट दोरा कापा, मधे जोड देण्यापेक्षा वीतभर उरलेला बरा. मेण लावलेला दोरा मिळाला तर ठीक, नाहीतर मेण वेगळं घ्या आणि दोरा त्यावरून दोन-तीनदा ओढा. मधमाशीचंच मेण हवं, मेणबत्तीचं चालत नाही, ते ठिसूळ होऊन गळून पडतं. महाबळेश्वर भागात मधपाळांकडे मेण मिळतं. तिकडे कुणी जाणार असेल तर लहानशी वडी मागवून ठेवा, ती वर्षानुवर्षं पुरते.

पंचांचा अख्खा संच नको. हार्डवेअरच्या दुकानात गोल पंच सुटे मिळतात, त्यातले २ आणि ४ मिमीचे दोनच घ्या. फिरत्या चाकाचा पक्कडीसारखा पंच स्वस्तात घेतला तर तो लवकर ढिला होतो आणि भोक अर्धवट पाडतो. पंचावर लोखंडी हातोडी मारू नका, डोकं पसरतं. लाकडी मोगरी वापरा.

चामडं: इथेच सगळ्यात जास्त वेळ घाला

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे चार जिल्हे आहेत आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार. म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याच्या मुलखातच आपण राहतो. पुण्या-मुंबईचे हौशी कारागीर ज्यासाठी कुरिअरचे पैसे मोजतात, ते आपल्यापासून तास-दीड तासावर आहे. मिरजेहून रेल्वेनं कोल्हापूर गाठता येतं. तिथे जवाहरनगर आणि सुभाषनगर भागात चपला करणाऱ्यांची वस्ती आहे. दुसऱ्या बाजूला कर्नाटकातलं अथणी, तिथेही या चपला होतात.

मात्र एक समजून घ्या. चपलेच्या तळाचं चामडं जाड आणि टणक असतं. ते पाकिटाला चालणार नाही. पाकिटाला १ ते १.५ मिमी, बॅगेला २ च्या आसपास, पट्ट्याला ३ ते ४ मिमी जाडी लागते. कारागिराला "पाकिटासाठी पातळ, चपलेच्या वरच्या भागाला वापरता तसलं" असं स्पष्ट सांगा. शेळीचं चामडं पातळ आणि चिवट असतं, लहान वस्तूंना फार चांगलं.

कमावण्याचे ढोबळ प्रकार दोन. झाडाच्या साली-फळांनी कमावलेलं आणि क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं. क्रोमचं मऊ असतं, रंगीत मिळतं, पाण्याला घाबरत नाही, पण त्याची कड घासून चकचकीत होत नाही. पहिल्या वस्तूला सालीनं कमावलेलं घ्या, कारण ते आकार धरतं आणि कडा सुंदर होतात. ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. सालीचं असेल तर आतपर्यंत एकसारखा बदामी-तपकिरी रंग दिसतो. क्रोमचं असेल तर मधे बहुधा निळसर-करडी छटा असते. मग आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब सोडा. सालीचं चामडं पाणी लगेच पितं आणि तिथे गडद होतं. आणि मागच्या बाजूला विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झिन आहे, दुकानदार काहीही म्हणो.

आता तुकडा हातात घ्या. जनावराच्या पाठीचा भाग घट्ट, पोटाचा सैल आणि ताणला जाणारा. तुकडा दोन्ही हातांनी ओढा. एका बाजूला रबरासारखा ताणला गेला तर तो पोटाचा, पाकिटाच्या कप्प्याला नको, कप्पा काही महिन्यांत ढिला होईल. वरची बाजू आत करून दुमडा. साल सुटल्यासारख्या मोठ्या सुरकुत्या उठल्या तर सोडून द्या. गोचिडीचे डाग, ओरखडे, कुंपणाच्या तारेचे व्रण यांना घाबरू नका. ते जनावराच्या आयुष्याचे आहेत, चामडं त्यांनी कमजोर होत नाही. उलट अशा तुकड्याचा भाव कमी करून मागता येतो. आरपार कापल्याच्या खुणा मात्र मागच्या बाजूनं नीट तपासा.

अख्खं कातडं चौरस फुटावर विकलं जातं, पण कतरण बऱ्याचदा वजनावर मिळते. तुमचा फायदा तिथे आहे. बरोबर पत्रिकेचा नमुना न्या आणि ढिगातल्या प्रत्येक तुकड्यावर ठेवून बघा. नमुना बसला नाही तर तुकडा कितीही देखणा असला तरी तो तुमच्यासाठी कचराच. वजनाच्या खरेदीत जाड तुकडा महाग पडतो हेही लक्षात ठेवा. एका वस्तूचे सगळे भाग एकाच कातड्याच्या तुकड्यांतून घ्या, नाहीतर काही महिन्यांनी रंग वेगवेगळे दिसायला लागतात.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे बाजारात मुख्यतः म्हशीचं आणि शेळी-मेंढीचं चामडं मिळतं. नेहमीच्या विक्रेत्याकडूनच घ्या आणि बिल मागा. प्रवासात ते जवळ असलेलं बरं. मोठ्या प्रमाणावर घ्यायची वेळ आली तर धारावी, चेन्नईतलं पेरियामेट आणि कानपूर ही बाजारपेठेची नावं आहेत, पण सुरुवातीला तिकडून मागवू नका. हात लावून बघितल्याशिवाय चामडं निवडता येत नाही.

आणि पावसाळ्याच्या तोंडावर साठा करू नका. ओलसर भिंतीला टेकलेल्या चामड्यावर बुरशी चढते. थोडंसं घेतलेलं चामडं सुती कापडात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका.

चिकटवण, कड, रंग

चिकटवायला रबरी सोल्युशनची सगळ्यात लहान ट्यूब. उघडली की ते घट्ट होत जातं, मोठा डबा नवख्याच्या घरात वाळून जातो. दोन्ही बाजूंना पातळ थर द्या, बोटाला ओढ लागेपर्यंत थांबा, मग जोडून हलक्या हातोडीनं ठोका. खिडकी उघडी ठेवा, त्याचा वास डोक्यात जातो.

कडेसाठी काहीच विकत घेऊ नका. शिवून झाल्यावर ४०० च्या कागदानं सपाट करा, पाण्याचं बोट फिरवा आणि जाड कॅनव्हासच्या किंवा जीनच्या कापडानं जोरात घासा. मग मेण लावून परत घासा. उष्णतेनं तंतू बसतात आणि कड काचेसारखी होते.

काळा रंग हवा असेल तर तोही जवळजवळ फुकट आहे. स्वच्छ धुतलेला लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये काही दिवस भिजवा. झाकण सैल ठेवा, कारण त्यातून वायू सुटतो. गाळलेलं पाणी सालीनं कमावलेल्या चामड्याला लावलं की चामड्यातल्या टॅनिनशी त्याची क्रिया होते आणि चामडं आतून काळं पडतं. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्यानं पुसा आणि वाळल्यावर तेलाचा पुसट हात द्या. क्रोमच्या चामड्यावर हे होत नाही. याच कारणानं ओलं चामडं लोखंडी पट्टीखाली सोडून उठू नका, काळा डाग पडला की निघत नाही.

बक्कल, कड्या, घुंगरं यांसाठी बेंदराच्या आधीचा बाजार गाठा. बैलांच्या साजाची दुकानं लागतात, तिथे पितळी माल मिळतो. फॅन्सी दुकानातली सोनेरी मुलाम्याची बकलं दिसायला छान, पण मुलामा उडाला की खालचं लोखंड गंजतं आणि चामडं डागाळतं. टिचबटणं सध्या नकोतच. ती बसवायला वेगळं हत्यार लागतं.

पैसे कसे वाटायचे

हातात दोन हजार असतील तर सात-आठशे चामड्याला, पाचशे कापण्याला आणि धारेला, चारशेपर्यंत शिलाईला आणि भोकांना धरा. उरलेले खिशात ठेवा. पहिली वस्तू करताना काहीतरी अडतंच आणि तेच पुढच्या खरेदीत आधी घ्यायचं असतं.

हे काम ज्यांच्या घरात पिढीजात आहे, त्यांनी हत्यारांवर स्वतःचे पैसे घालण्याआधी पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत चर्मकाम आणि पादत्राणं येतात. त्यात अल्प मुदतीचं प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं साहाय्य आहे. नोंदणी सीएससी (नागरी सुविधा) केंद्रात होते, एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. चर्मकार समाजासाठी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या कर्ज आणि इतर योजना आहेत, जिल्हा कार्यालयात त्या वेळी कुठली चालू आहे ते विचारा. नुसत्या हौसेनं शिकणाऱ्यानं मात्र विश्वकर्मा योजनेत नाव घालू नये. ती हातावर पोट असणाऱ्यांसाठी आहे.

चार-पाच पाकिटं शिवून झाली आणि आलेख कागदाच्या खुणांचा खरोखर कंटाळा आला, की मग दातेरी छिन्नी घ्या: ४ मिमी अंतराची, आधी दोन दातांची वळणासाठी आणि चार दातांची सरळ शिलाईसाठी. दुकानातच चामड्याच्या तुकड्यावर ठोकून, उपसून बघा. दात अडकून चामडं वर उचललं गेलं, तर ती परत ठेवा.